सदर बाजारातील घरावर सोलर: अनुदान शोधण्याआधी वीजबिलावरचे नाव पाहा

पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना | रायपूरमधील मराठी भाषक लाभार्थ्यांसाठी माहिती

हा लेख कोणासाठी आहे?

रायपूरच्या सदर बाजारात किंवा लगतच्या बूढापारा, तात्यापारा या जुन्या वस्तीत तुमचे घर आहे, घराला छत आहे आणि त्या छतावर सौरऊर्जा संच बसवण्यासाठी सरकारकडून किती पैसे मिळतात हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. डिसेंबर २०२५ पर्यंत जाहीर झालेल्या तरतुदींवर तो आधारित आहे.

अनुदानाची रक्कम सर्वांना सारखीच लागू आहे. मात्र जुन्या बाजारपेठेतील घरांमध्ये काही खास अडचणी येतात. खाली दुकान आणि वर घर असते. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर येते. छत दोन-तीन भावांचे सामाईक असते. अशा घरांत अर्ज अडकतो तो बहुतेक कागदपत्रांवर. म्हणून आधी कागद तपासा आणि नंतर विक्रेत्याला बोलवा.

योजना नेमकी काय आहे?

केंद्र सरकारने ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केली. २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत देशातील १ कोटी घरांवर सौर संच बसवण्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे.

नावात 'मुफ्त बिजली' असल्यामुळे अनेकांचा असा समज होतो की, नोंदणी केली की दरमहा ३०० युनिटचे बिल माफ होईल. तसे नाही. सरकार तुम्हाला संच बसवण्यासाठी अनुदान देते आणि वीज तुमच्याच छतावर तयार होते. ३ किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी ३०० युनिट किंवा त्याहून थोडी अधिक वीज देतो. तेवढी वीज तुम्हाला कंपनीकडून विकत घ्यावी लागत नाही. बिलातील स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्यामुळे बिल अगदी शून्यावर येईल असे गृहीत धरू नका.

किती अनुदान मिळते?

केंद्राचे अनुदान पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये आहे. संच त्याहून मोठा असला तरी केंद्राची रक्कम ७८,००० रुपयांवर थांबते. छत्तीसगढ मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये यावर राज्याचे स्वतंत्र अनुदान मंजूर केले.

- १ किलोवॅट: केंद्र ३०,००० + राज्य १५,००० = ४५,००० रुपये
- २ किलोवॅट: केंद्र ६०,००० + राज्य ३०,००० = ९०,००० रुपये
- ३ किलोवॅट किंवा अधिक: केंद्र ७८,००० + राज्य ३०,००० = १,०८,००० रुपये

नागपूर किंवा अमरावतीच्या नातेवाइकांनी वेगळा आकडा सांगितला तर गोंधळून जाऊ नका. वरील केंद्राचे दर त्यांनाही लागू आहेत. राज्याची मदत मात्र वीजजोडणी ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या नियमांनुसार मिळते.

हे पैसे कधी मिळतात?

हा मुद्दा नीट समजून घ्या. अनुदान आधी मिळत नाही. संच बसतो, वीज कंपनी तपासणी करते, नेट मीटर लागतो, संच सुरू झाल्याचे प्रमाणपत्र पोर्टलवर येते आणि त्यानंतर तुम्ही बँकेचा तपशील भरता. मग रक्कम थेट तुमच्या खात्यात जमा होते. केंद्राच्या अनुदानासाठी पोर्टलवर ३० दिवसांचा कालावधी दिलेला आहे.

म्हणजे सुरुवातीला पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात. समजा, विक्रेत्याने ३ किलोवॅटच्या संचासाठी १,८०,००० रुपये सांगितले. पूर्ण अनुदान मिळाल्यावर तुमचा खरा खर्च ७२,००० रुपये होईल. पण तोपर्यंत १,८०,००० रुपयांची सोय हवी.

हातात एवढी रक्कम नसेल तर कर्जाचा मार्ग आहे. ३ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी राष्ट्रीयीकृत बँका २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज देतात. त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरापेक्षा ०.५० टक्का जास्त, म्हणजे सध्या सुमारे ६ टक्के आहे. यासाठी दागिने किंवा घराचे कागद गहाण ठेवण्याची गरज नाही. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून करता येतो. खर्चाचा काही हिस्सा तुम्हाला स्वतः भरावा लागतो. तो किती, हे बँकेत आधीच विचारून घ्या.

पहिली तपासणी: वीजबिल

घरातील ताजे वीजबिल समोर ठेवा आणि तीन गोष्टी पाहा.

१. श्रेणी. बिलावर 'घरेलू' लिहिले असेल तरच या योजनेचे अनुदान मिळते. 'गैर-घरेलू' म्हणजे दुकान, गोदाम, कार्यालय यांची जोडणी. तिला हे अनुदान नाही. सदर बाजारात एकाच इमारतीत खालचा मीटर गैर-घरेलू आणि वरचा घरेलू असतो. अर्ज वरच्या मीटरच्या क्रमांकावर करा.

येथे एक धोका आहे. वरच्या मजल्यावर सोलर लागले की, त्याच मीटरवरून दुकानातील एसी आणि दिव्यांना वायर ओढण्याचा मोह होतो. घरगुती जोडणीची वीज दुकानासाठी वापरणे हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. काही वर्षांची बचत एका तपासणीत जाऊ शकते.

२. नाव. बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच नावाने अर्ज होतो. बिलावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बँक पासबुकावरचे नाव सारखे असावे. बिल दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर आधी छत्तीसगढ राज्य वीज वितरण कंपनीच्या झोन कार्यालयात नाव बदलून घ्या. साधारणपणे मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची ना हरकत, मालमत्ता कराची पावती आणि आधार ही कागदपत्रे लागतात. तुमच्या प्रकरणात नेमके काय लागेल त्याची यादी कार्यालयातून लिहून घ्या.

हे काम कंटाळवाणे आहे आणि विक्रेता कदाचित म्हणेल, 'नंतर पाहू'. पण संच बसल्यावर नावात फरक निघाला तर विक्रेत्याचे पैसे दिलेले असतात आणि अडकते ते तुमचे अनुदान.

३. वापर. मागच्या बारा महिन्यांचे युनिट लिहून काढा आणि सरासरी काढा. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० युनिट असेल तर २ ते ३ किलोवॅट आणि त्याहून जास्त असेल तर ३ किलोवॅटपेक्षा मोठा संच सुचवला जातो. रायपूरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत कूलर आणि एसीमुळे वापर खूप वाढतो, म्हणून केवळ उन्हाळ्याच्या बिलावरून संचाचा आकार ठरवू नका. ३ किलोवॅटच्या पुढे अनुदान वाढत नाही. त्यामुळे मोठ्या संचाचा वाढीव खर्च पूर्णपणे तुमचा असतो.

'हाफ बिजली बिल' योजनेचा याच्याशी काय संबंध?

छत्तीसगढमध्ये पूर्वी ४०० युनिटपर्यंतच्या वापरावर निम्म्या बिलाची सवलत होती. १ ऑगस्ट २०२५ पासून ही मर्यादा १०० युनिट झाली आणि १ डिसेंबर २०२५ पासून २०० युनिट. महिन्याला २०० ते ४०० युनिट वापरणाऱ्या घरांनाही पहिल्या २०० युनिटवर सवलत आहे, पण ती एका वर्षासाठीच. या वर्षभरात अशा घरांनी सोलरकडे वळावे, हा त्यामागचा उद्देश आहे.

एकत्र कुटुंबाच्या मोठ्या घराचा वापर बहुधा याच गटात येतो. तुमचे घर त्यात असेल तर नाव बदलण्याचे काम पुढे ढकलू नका. सवलतीचे वर्ष कागद जुळवण्यातच संपू शकते.

दुसरी तपासणी: छत

१ किलोवॅटसाठी सुमारे १० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट मोकळी आणि सावली नसलेली जागा लागते. ३ किलोवॅटला सुमारे ३०० ते ३२५ चौरस फूट.

सदर बाजारातील गल्ल्या अरुंद आहेत आणि शेजारची इमारत एखादा मजला उंच असेल तर तिची सावली तुमच्या छतावर पडते. एखाद्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता छतावर जाऊन सावली कुठे येते ते खडूने आखून ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हाची सावली सर्वांत लांब असते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि मोबाइल टॉवर यांचाही विचार करा. पॅनेलच्या थोड्या भागावर सावली पडली तरी उत्पादन बरेच घटते.

घर जुने असेल, छत खपरेलचे किंवा लाकडी तुळयांचे असेल, तर संचाचे वजन आणि वादळी वाऱ्याचा जोर ते पेलू शकेल का, हे अभियंत्याकडून तपासून घ्या. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर राहू नका.

छत सामाईक असेल तर भावांची आणि इतर हिस्सेदारांची संमती लेखी घ्या. कोणत्या बाजूची किती जागा वापरणार, हे त्यात स्पष्ट लिहा. पॅनेल २० ते २५ वर्षे टिकतात. तेवढ्या काळात वाटण्या होतात, घरे विकली जातात. आज लिहिलेला एक कागद उद्याचा वाद टाळतो.

अर्ज कसा करावा?

१. पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर जा. राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक आणि मोबाइल क्रमांक देऊन नोंदणी करा. छत्तीसगढच्या वीजबिलावर ग्राहक क्रमांक 'बीपी नंबर' या नावाने असतो. नोंदणी विनामूल्य आहे.

२. अर्ज भरा आणि ताजे बिल जोडा. १० किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासाशिवाय मान्यता देण्याची तरतूद केंद्राच्या २०२४ च्या नियमांत आहे. मंजूर भार कमी असेल तर तो वाढवण्याची जबाबदारी वीज कंपनीची आहे.

३. पोर्टलवरील नोंदणीकृत विक्रेत्यांपैकी किमान तिघांकडून लेखी दरपत्रक घ्या. पोर्टलवर नाव नसलेल्या विक्रेत्याकडून संच बसवल्यास अनुदान मिळत नाही.

४. विक्रेत्याशी करार करा. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते. ती करारात लिहिली आहे का, ते वाचा.

५. पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचे आणि भारतात जोडलेले असावे लागतात. बाजारात यांना 'डीसीआर पॅनेल' म्हणतात. त्यांचे प्रमाणपत्र मागा. इतर पॅनेल स्वस्त मिळतात, पण त्यांवर अनुदान नाही.

६. संच बसल्यावर माहिती पोर्टलवर भरली जाते. वीज कंपनी तपासणी करून नेट मीटर लावते.

७. संच सुरू झाल्याचे प्रमाणपत्र आले की, बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश अपलोड करा.

फॉर्मवरील हिंदी शब्द

रायपूरमधील बिले आणि फॉर्म हिंदीत असतात. लिपी एकच असली तरी काही शब्द मराठी वाचकाला चकवतात.

- अनापत्ति प्रमाण पत्र: ना हरकत प्रमाणपत्र. हिंदीत 'आपत्ति' म्हणजे हरकत. मराठीतील संकटाशी त्याचा संबंध नाही.
- खपत: वापरलेले युनिट. विक्रीचा खप नव्हे.
- स्वीकृत भार: मंजूर भार.
- नामांतरण: नावात बदल.
- शपथ पत्र: प्रतिज्ञापत्र.
- निरस्त चेक: रद्द केलेला धनादेश.
- वसीयत: मृत्युपत्र.
- किराएदार: भाडेकरू.

सही करण्याआधी एखादा शब्द अडला तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

मोहल्ल्यासाठी, मंडळासाठी किंवा गावासाठी काही आहे का?

गृहनिर्माण संस्था किंवा रहिवासी संघ असेल तर जिना, लिफ्ट, पाण्याचा पंप, वाहन चार्जिंग अशा सामाईक सोयींसाठी केंद्र सरकार प्रति किलोवॅट १८,००० रुपये देते. प्रत्येक घरामागे ३ किलोवॅट या हिशोबाने एकूण मर्यादा ५०० किलोवॅट आहे. यासाठी संघाच्या नावाने वीजजोडणी हवी.

धर्मशाळा, मंदिर, मंडळाचे सभागृह किंवा शाळा यांना घरगुती अनुदान मिळत नाही. 'मंडळाचे सोलर एखाद्या सदस्याच्या घरगुती मीटरवर दाखवू' असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. अनुदान परत करावे लागेल आणि अडचणीत तो सदस्य येईल.

मूळ गावाशी संबंध असेल तर ही माहिती तेथे पोहोचवा. याच योजनेत प्रत्येक जिल्ह्यात एक 'आदर्श सौर गाव' निवडले जाते आणि त्या गावाला १ कोटी रुपये मिळतात. ५,००० पेक्षा जास्त लोकसंख्येची महसुली गावे स्पर्धेत उतरू शकतात. विशेष श्रेणीच्या राज्यांत ही अट २,००० आहे. याशिवाय आपल्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक संचामागे ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला १,००० रुपये प्रोत्साहन मिळते. ही रक्कम केंद्र सरकार देते. लाभार्थ्याकडून ती कोणीही मागू शकत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लाइट गेल्यावर सोलरची वीज मिळेल का?
नाही. ग्रिडला जोडलेला साधा संच वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद होतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था आहे. घरातील इन्व्हर्टर लगेच विकू नका. बॅटरी लावता येते, पण बॅटरीवर अनुदान नाही.

दिवसा घरी कोणी नसते, मग वीज वाया जाते का?
नाही. तुम्ही न वापरलेली वीज ग्रिडमध्ये जाते. नेट मीटर गेलेले आणि आलेले दोन्ही युनिट मोजतो आणि बिलात वजावट होते.

मी भाडेकरू आहे. अर्ज करू शकतो का?
वीजजोडणी तुमच्या नावावर असेल, बिल तुम्ही नियमित भरत असाल आणि छत वापरण्याची घरमालकाची परवानगी असेल तर करू शकता. परवानगी लेखी घ्या. घर सोडताना संचाचे काय होईल, हेही त्याच कागदावर लिहा.

आधी एकदा सोलर अनुदान घेतले आहे. पुन्हा मिळेल का?
ज्या कुटुंबाने सोलर पॅनेलसाठी याआधी दुसरे अनुदान घेतले आहे ते या योजनेस पात्र नाही.

दारावर आलेला माणूस 'नोंदणी फी' मागतो आहे. द्यावी का?
देऊ नका. विक्रेत्याला आगाऊ रक्कम द्यायची असेल तर करार झाल्यावर, करारात लिहिल्याप्रमाणे आणि बँकेमार्फत द्या. ओटीपी, एटीएम कार्डचा क्रमांक किंवा यूपीआय पिन कोणालाही सांगू नका. पैसे खात्यात येण्यासाठी पिन लागत नाही.

पॅनेलची निगा कशी राखावी?
धूळ साचली की उत्पादन घटते. पंधरवड्यातून एकदा सकाळी लवकर साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसा. भर उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका. पावसाळ्याच्या महिन्यांत उत्पादन कमी होणारच, तो बिघाड नव्हे.

अर्ज करण्याआधीची यादी

- बिलावर 'घरेलू' लिहिले आहे.
- बिल, आधार आणि पासबुक यांवरील नाव एकच आहे.
- मागच्या बारा महिन्यांच्या वापराची सरासरी काढली आहे.
- छतावर पुरेशी, सावली नसलेली जागा आहे.
- हिस्सेदारांची किंवा घरमालकाची लेखी संमती आहे.
- तीन नोंदणीकृत विक्रेत्यांची दरपत्रके हातात आहेत.
- अनुदान येईपर्यंतच्या पैशांची सोय झाली आहे.

यातील एखादी गोष्ट राहिली असेल तर ती पूर्ण झाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

संपर्क

योजनेची हेल्पलाइन: १५५५५
छत्तीसगढ वीज वितरण कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र: १९१२
बिल आणि मागील वापर पाहण्यासाठी वीज कंपनीचे 'मोर बिजली' हे मोबाइल ॲप वापरा. प्रत्यक्ष मदतीसाठी तुमच्या झोनच्या वीज कार्यालयात ताजे बिल आणि आधार सोबत घेऊन जा.